कात्री कुणाच्या हाती?

पूर्वी मध्यमवर्गीय घराण्यांतून कात्रणे कापणारा एक तरी माणूस हमखास असे. कुणाकडे ते आजोबा असत, कुणाकडे बिनलग्नाचे काका, तर कुणाकडे आत्याबाई. घरातल्या सर्वांचे वर्तमानपत्र वाचून झाले की या माणसाचा अंमल सुरू होई. एक कात्री, डिंकाची बाटली आणि कुठल्या तरी पेढीची जुनी खतावणी, एवढ्या भांडवलावर त्याचा व्यवहार चाले. त्या खतावणीत मुतखड्यावरचे उपाय असत, कसोटी सामन्यांचे धावफलक असत, थोरामोठ्यांच्या निधनाच्या बातम्या असत आणि लिंबाचे लोणचे वर्षभर टिकवण्याची कृतीही असे. घरची मंडळी या उद्योगाची यथेच्छ टवाळी करीत. आणि मुलाला वक्तृत्वस्पर्धेसाठी मजकूर हवा झाला की मुकाट्याने त्याच खतावणीसमोर जाऊन बसत.

या कात्रणकारांत दोन पंथ होते. एका पंथाचे लोक कापलेल्या तुकड्याच्या कडेला बारीक अक्षरात वर्तमानपत्राचे नाव आणि तारीख लिहीत. दुसऱ्या पंथाचे लोक नुसतेच चिकटवीत. पहिल्यांच्या वह्या आजही उपयोगी पडतात. दुसऱ्यांच्या वह्या चाळताना करमणूक पुष्कळ होते, पण त्यातल्या एका ओळीवरही पैज लावायची छाती होत नाही. पेन्सिलीने लिहिलेल्या त्या एवढ्याशा तारखेने केवढा फरक पडतो पाहा!

आता तुम्ही म्हणाल, वर्तमानपत्रच जिथे तळहातावरच्या फोनमध्ये जाऊन बसले, तिथे कात्री आणि डिंकाचे हे पुराण कशाला? तर वाचकहो, तो उद्योग बंद पडलेला नाही. उलट आता तो घरोघरी, किंबहुना माणसागणिक, चाललेला असतो. आवडलेली चित्रफीत 'सेव्ह' करणे, एखादा लेख दहा जणांकडे धाडणे, चकलीच्या कृतींचा वेगळा फळा करून ठेवणे, हे सारे कात्रणच आहे. इंग्रजीत या कामाला 'क्युरेशन' असे भारदस्त नाव आहे. त्याच्या मुळाशी जो लॅटिन शब्द आहे त्याचा अर्थ काळजी. वस्तुसंग्रहालयाचा क्युरेटर म्हणजे तिथल्या वस्तूंची काळजी वाहणारा माणूस. आपण त्याला संकलन म्हणतो. पण मला विचाराल तर आपल्या स्वयंपाकघरातला 'निवडणे' हा शब्दच इथे अधिक चपखल बसतो. तांदूळ निवडताना आपण काय करतो? पोते एकदम उपडे करीत नाही. ताटात थोडे थोडे घेऊन पसरतो, खडा दिसला की बाजूला काढतो आणि उरलेले डब्यात भरतो. समाजमाध्यमांवर रोज पोत्यांनी जो माल येऊन पडतो, तो असा ताटात घेऊन निवडायचा, एवढाच त्या भारदस्त शब्दाचा अर्थ.

या निवडण्याच्या कामाची साधने गेल्या वीस-बावीस वर्षांत पुष्कळ निघाली. २००३ मध्ये 'डिलिशस' नावाची सोय निघाली. इंटरनेटवर आवडलेल्या पानांचे पत्ते विषयवार खुणा करून तिच्यात जपून ठेवता येत आणि इतरांनाही दाखवता येत. २०१० मध्ये 'पिंटरेस्ट' आले. फळ्यावर टाचणीने चित्र टोचावे तसे त्यावर चित्र टोचायचे. त्याच सुमारास 'स्टोरीफाय' निघाले. एखाद्या घटनेवर लोकांनी लिहिलेले मजकूर, काढलेली छायाचित्रे, घेतलेल्या चित्रफिती एकाखाली एक ओवायच्या, मध्ये आपली चार वाक्ये घालायची, की त्या घटनेची सलग हकीगत तयार होई. पत्रकारांनी आणि पाठोपाठ शिक्षकांनी ते उचलून धरले. आज शाळांतून 'पॅडलेट' आणि 'वेकलेट' ही नावे अधिक कानी येतात. पॅडलेट म्हणजे पडद्यावरची एक भिंत. वर्गातल्या सर्वांनी तिच्यावर चिठ्ठ्या, चित्रे, दुवे चिकटवायचे. तिचे पहिले नावही 'वॉलविशर' असेच होते.

हे ज्ञान मला झाले ते माझ्या भाचीमुळे. ती पुण्यातल्या एका शाळेत नववीला इतिहास शिकवते. भाची असली तरी तिच्या वर्गातल्या गोष्टी ऐकताना मी विद्यार्थ्यासारखा गप्प बसतो, कारण मध्ये बोललेले तिला खपत नाही. एका पावसाळ्यात तिने मुलांना विषय दिला: पानशेतचा पूर. १२ जुलै १९६१ च्या सकाळी पानशेतचे धरण फुटले, त्या लोंढ्यापुढे खडकवासल्याचे जुने धरणही टिकले नाही आणि भर दिवसा मुठेचे पाणी पुण्याच्या पेठांत शिरले, हे जुन्या पुणेकरांना सांगायला नको. परंतु आजच्या नववीतल्या मुलांना ते सांगावेच लागते. त्यांच्या दृष्टीने पानशेत म्हणजे रविवारी गाडी काढून भजी खायला जाण्याचे ठिकाण!

तिने पाच-पाच मुलांचे गट केले आणि प्रत्येक गटाला पॅडलेटवर एकेक भिंत दिली. समाजमाध्यमांवर, वर्तमानपत्रांच्या जुन्या अंकांत, घरातल्या अल्बमात, जिथे मिळेल तिथून पुराविषयी साहित्य गोळा करा म्हणाली. मात्र भिंतीवर पाचच वस्तू राहतील. सहावी लावायची झाली तर आधीची एक उतरवावी लागेल. शिवाय प्रत्येक वस्तूखाली तीन ओळी लिहायच्या. हे मूळ कुणी केले आणि केव्हा? आम्ही ते का निवडले? आणि यातून काय कळत नाही?

मला राहवले नाही. मी म्हटले, "अगं, पन्नास मिळत असताना पाचांवर का अडून बसतेस?"

"मामा," ती म्हणाली, "पन्नास गोळा करायला बोट पुरते. पाच ठेवायला डोके लागते."

पहिल्या दिवशी म्हणे मुलांनी भिंती दणक्यात भरल्या. घंटा व्हायच्या आत एकेका भिंतीवर तीस-तीस चित्रे. दुसऱ्या दिवशी काढाकाढी सुरू झाली आणि भांडणेही. "हे राहू दे", "ते काय सगळ्यांनीच लावले आहे", "याची तारीख कुठे आहे?" वगैरे. भाचीच्या मते खरा तास तो दुसरा. कारण एखादी वस्तू का ठेवायची हे सांगता आले नाही की मुलाला आपोआप उमगते की आपण ती पाहिलीच नव्हती, नुसती उचलली होती.

पण मला ऐकवण्यासारखी गोष्ट तिसऱ्या दिवशी घडली. एका मुलीने एक छायाचित्र लावले होते. काळे-पांढरे, जुन्या घरांच्या माडीपर्यंत चढलेले पाणी, वर गॅलरीत दाटीने उभी राहिलेली माणसे. खाली मजकूर: 'पानशेत १९६१. पुणेकर हे कधीही विसरणार नाहीत.' छायाचित्र इतके बोलके, की गटातल्या बाकीच्या चौघांनी आपापली चित्रे मुकाट्याने उतरवून त्याला मधली जागा दिली. पण पहिली ओळ लिहायची वेळ आली, मूळ कुणाचे आणि केव्हाचे, तेव्हा गाडे अडले. गटातल्या एका मुलाने, चित्रावरून चित्र शोधण्याची जी सोय असते तिच्यात ते घातले. तर तेच छायाचित्र कितीतरी आधीपासून दुसऱ्याच शहराच्या नावाने आणि दुसऱ्याच सालाने फिरत असलेले निघाले.

मुलगी रडवेली झाली. म्हणाली, "बाई, हे माझ्या आजोबांनी पाठवले आहे. आजोबा खोटे कसे बोलतील?"

वाचकहो, जरा थांबून विचार करा. वर्गात चाळीस मुले आहेत आणि सारी बाईंकडे पाहत आहेत. 'तुझे आजोबा चुकले' म्हणावे तर घरातल्या वडिलकीला धक्का. 'असू दे, राहू दे' म्हणावे तर तीन दिवसांच्या शिकवणुकीवर पाणी. भाचीने काय केले? तिने मुलीला विचारले, "आजोबांनी हा फोटो काढला का?" नाही. "आजोबांनी हा मजकूर लिहिला का?" नाही. "मग आजोबा काही बोललेलेच नाहीत. कुणी तरी बोलले ते त्यांनी पुढे धाडले. आता असे कर, आजोबांनी स्वतः काय पाहिले ते त्यांना विचारून ये."

मुलीने संध्याकाळी आजोबांना फोन केला. ते पुराच्या वेळी सात वर्षांचे होते आणि नारायण पेठेत राहत होते. त्यांनी सांगितले की पाणी आम्ही दुरूनच पाहिले, पण ओसरल्यावर घरात आलो तेव्हाचा चिखलाचा आणि कुजलेल्या धान्याचा वास अजून नाकात आहे. आई कित्येक दिवस एकच पितळेचा डबा पुन्हा पुन्हा घासत होती. त्या डब्यात गहू होते. ही हकीगत मुलीने त्यांच्याच आवाजात फोनवर उतरवून घेतली आणि भिंतीवर लावली. खाली तीन ओळी लिहिल्या. मूळ कुणाचे: माझ्या आजोबांचे. का निवडले: कारण हे दुसऱ्या कुठेही मिळत नाही. काय कळत नाही: 'आजोबा तेव्हा सात वर्षांचे होते आणि या गोष्टीला साठाहून अधिक वर्षे झाली. धरण का फुटले हे त्यांना ठाऊक नाही.'

ही तिसरी ओळ ऐकून मी खरोखर चकित झालो. आजोबांवर प्रेम आहे, त्यांच्या शब्दाला मान आहे, आणि तरी त्या शब्दाची मर्यादा नातीला स्वच्छ दिसते आहे. एवढे चौदाव्या वर्षी साधले तर शाळेने आणखी काय साधायचे? ते खोटे छायाचित्रही भाचीने फेकून दिले नाही. 'निवडताना सापडलेले खडे' अशी एक वेगळी भिंत करून ते तिथे लावले, शोधाच्या तपशिलासह.

आता दुसरी बाजू. आमच्या मजल्यावर एक निवृत्त बँक अधिकारी राहतात. त्यांना ही हकीगत सांगितली तेव्हा ते म्हणाले, "सगळे ठीक आहे हो, पण पोर्शन कधी पुरा करणार? आणि मोबाईलपासून मुलांना सोडवायचे सोडून तुम्ही तो वर्गात आणून बसवता!" हा आक्षेप हसण्यावारी नेण्यासारखा नाही. त्यात आणखी तीन-चार आक्षेपांची भर मी स्वतःच घालतो.

पहिला आक्षेप घरचा आहे. शाळेचे प्रकल्प रात्री अकरा वाजता कोण करते हे तुम्हा-आम्हाला ठाऊक आहे. थर्मोकोलचा किल्ला जसा बाबांचा असे, तशी पॅडलेटची भिंत उद्या आईची होईल. रंगीत, देखणी आणि निर्जीव. दुसरा आक्षेप साधनांच्या स्वभावाचा. पिंटरेस्टवर तुम्ही एक आकाशकंदील टोचलात की ते तुमच्यापुढे आणखी शंभर आकाशकंदील आणून ओतते. कंदिलाच्या बाबतीत ही सोयच झाली. पण एखाद्या वादाच्या विषयावर एकाच बाजूचे एक चित्र निवडले आणि त्याच बाजूची शंभर पुढे आली, तर ती निवड तुमची राहिली कुठे? ताटात तांदूळ ओतणाराच खडे कोणते ते ठरवू लागला तर निवडणाऱ्याने करायचे काय? तिसरा आक्षेप वयाचा. पिंटरेस्टसारख्या बहुतेक सेवा तेरा वर्षांखालच्या मुलांना खाते उघडू देत नाहीत. आपल्याकडे व्यक्तिगत माहितीच्या रक्षणाचा जो कायदा २०२३ मध्ये संमत झाला, त्यात अठरा वर्षांखालील प्रत्येक जण मूलच धरले आहे आणि त्याची माहिती हाताळण्याआधी पालकांची संमती आवश्यक ठरवली आहे. म्हणून भाची मुलांना कुठेही खाती काढायला लावीत नाही. भिंत तिच्या नावावर असते, बाहेरच्यांना ती दिसत नाही आणि मुले नुसत्या दुव्यावरून आत येतात. वर्गात फोन आणायचा नाही. शाळेच्या संगणककक्षात आठवड्यातून एक तास, तेवढेच. कुणाचा चेहरा नाही, पत्ता नाही. कुणाच्या आजीचा आवाज लावायचा तर आधी आजीला विचारायचे.

चौथा आक्षेप मात्र मला सर्वांत गंभीर वाटतो. ही साधने अल्पायुषी असतात. ज्या स्टोरीफायवर जगभरच्या शिक्षकांनी मुलांकडून इतके काम करून घेतले, ते १६ मे २०१८ रोजी बंद झाले. ज्याने आपला मजकूर वेळेत उतरवून घेतला नाही त्याचा तो गेला. गूगलचा 'जॅमबोर्ड' नावाचा फळा महामारीच्या काळात कितीतरी वर्गांचा आधार होता. त्याला ३१ डिसेंबर २०२४ रोजी टाळे लागले. लेख जपून ठेवण्यासाठी लाखो लोक वापरीत ते 'पॉकेट' जुलै २०२५ मध्ये मिटले. आजोबांच्या खतावणीला कसर लागेल, पण कुठल्या दूरच्या कंपनीने ठराव केला म्हणून ती एका रात्रीत नाहीशी होणार नाही. यावर भाचीचा उपाय साधा आहे. वर्ष संपले की प्रत्येक गटाने आपल्या पाच वस्तू आणि पंधरा ओळी कागदावर उतरवून वही शिवायची. ती वही शाळेच्या ग्रंथालयात राहते. पुढच्या वर्षीची मुले ती पाहतात आणि मागच्यांच्या चुका काढतात. साधन मेले तरी सवय जिवंत राहावी, एवढीच तिची अपेक्षा.

आणि ही सवय परदेशातून आली असे कुणी समजू नये. आपल्या कीर्तनकारांची बाडे आठवा. लांबट वह्या, त्यांत निरनिराळ्या संतांचे अभंग, पदे, आख्याने, प्रसंगाला हवी तशी निवडून उतरलेली. एकाचे बाड दुसऱ्यासारखे नसे, कारण प्रत्येकाची निवड वेगळी. किंवा इतिहासाचार्य वि. का. राजवाड्यांकडे पाहा. या माणसाने गावोगाव हिंडून जुनी दप्तरे मिळवली आणि १८९८ पासून 'मराठ्यांच्या इतिहासाची साधने' या नावाने त्यांचे बावीस खंड काढले. पण त्यांची थोरवी नुसत्या गोळा करण्यात नव्हती. पत्र कुणाचे, कुणाला, कोणत्या मितीचे, त्यावर विश्वास किती ठेवायचा, याचा खल करणाऱ्या त्यांच्या प्रस्तावना आजही अभ्यासक वाचतात. कागद आणि त्यावरची प्रस्तावना या जोडीनेच इतिहास उभा राहतो. भाचीच्या वर्गातल्या तीन ओळी म्हणजे अशा प्रस्तावनेचे अगदी धाकटे भावंड आहे.

राजवाडे १९२६ च्या अखेरीस धुळ्यात वारले. त्यांनी जमवलेले कागद तिथल्या त्यांच्या नावाच्या संशोधन मंडळात जपून ठेवलेले आहेत. त्याच धुळे जिल्ह्यात, साक्री तालुक्यातल्या राईनपाडा गावी, १ जुलै २०१८ रोजी काय घडले ते सणासुदीच्या अंकात लिहू नये असे कुणी म्हणेल. पण लिहिल्यावाचून माझा मुद्दा पुरा होत नाही. त्या दिवशी गावचा आठवडी बाजार होता. भिक्षा मागून पोट भरणाऱ्या नाथपंथी डवरी गोसावी समाजाचे पाच जण तिथे आले होते. मुले पळवणारी टोळी आली आहे, अशी अफवा व्हॉट्सॲपवरून त्या भागात आधीच पसरलेली होती. जमावाने त्या पाचही जणांना ठेचून मारले.

त्या वर्षी देशात ठिकठिकाणी अशा अफवांनी बळी घेतले. त्या अफवांबरोबर फिरणाऱ्या चित्रफितींत एक फार पसरलेली चित्रफीत होती. मोटारसायकलवरून दोघे येतात आणि रस्त्यात खेळणाऱ्या मुलाला उचलून नेतात. ती मूळची कराचीतली निघाली. मुलांवर लक्ष ठेवा असे पालकांना बजावण्यासाठी मुद्दाम बनवलेली. मूळ चित्रफितीत ते दोघे मुलाला लगेच परत आणून सोडतात आणि हातातला फलक दाखवतात. कुणी तरी तेवढाच शेवट कापला आणि उरलेले पुढे धाडले. म्हणजे कात्री तिथेही चाललीच होती! ज्यांच्यापर्यंत तो तुकडा पोचला त्यांतल्या फारच थोड्यांना विचारावेसे वाटले की हे कुणी केले, केव्हा केले, आणि यात काय कापले गेले आहे. त्या जुलैतच व्हॉट्सॲपने भारतात एक मजकूर एका वेळी पाचांहून अधिक जणांना पुढे धाडण्यास बंदी केली. तो निर्बंध बरा आहे. पण बोटाला घातलेली मर्यादा ती बोटाची; डोक्याचे काम डोक्यालाच करावे लागते.

शिकल्यासवरलेल्यांना हे लागू नाही असा भ्रम आपल्या वर्गात फार आहे. अमेरिकेतल्या स्टॅनफर्ड विद्यापीठाच्या संशोधकांनी २०१७ मध्ये एक प्रयोग प्रसिद्ध केला. इतिहासातले दहा डॉक्टर, स्टॅनफर्डचेच पंचवीस विद्यार्थी आणि बातम्यांची सत्यता तपासण्याचा व्यवसाय करणारे दहा तपासनीस, अशा पंचेचाळीस जणांपुढे काही संकेतस्थळे ठेवली आणि विश्वासार्ह कोणते ते सांगा म्हटले. विद्वान इतिहासकार आणि हुशार विद्यार्थी ते पान वरपासून खालपर्यंत वाचत बसले आणि त्याच्या रुबाबदार बोधचिन्हाला, सफाईदार भाषेला पुष्कळदा भुलले. तपासनीस मात्र ते पान जवळजवळ लगेच सोडून बाहेर पडले आणि या संस्थेविषयी इतर कोण काय म्हणते ते पाहून आले. मुलगी बघायला गेल्यावर तिच्या घरच्या सजावटीवर न जाता शेजारीपाजारी चौकशी करण्याची आपल्या आजीची रीत आठवते ना? तीच ही. पदवीने ती येत नाही, सरावाने येते. आणि सराव शाळेत करून घेता येतो. केरळातल्या कन्नूर जिल्ह्यात २०१८ च्या सुमारास जिल्हाधिकाऱ्यांच्या पुढाकाराने सुमारे दीडशे सरकारी शाळांतून खोटे मजकूर ओळखायचे धडे दिले गेले. जे कन्नूरच्या सरकारी शाळांना जमले ते आपल्या शाळांना जमू नये असे काही नाही.

तेव्हा आमच्या शेजाऱ्यांच्या पोर्शनच्या प्रश्नाला माझे उत्तर असे: हाही पोर्शनच आहे. सनावळ्या आज फोनही सांगतो. एवढेच काय, यंत्राला सांगितले तर ते कधी न आलेल्या पुराचे हुबेहूब छायाचित्रही आता क्षणात बनवून देते. अशा काळात मुलाला सनावळी पाठ आहे की नाही यापेक्षा, समोर आलेल्या चित्राला तीन प्रश्न विचारण्याची त्याला सवय आहे की नाही, याची चिंता मला अधिक वाटते. त्या सवयीसाठी पॅडलेट हवे, वेकलेटच हवे, असे माझे म्हणणे नाही. ज्या शाळेत संगणक नाही तिथे भिंतीवरचा कागद आणि टाचण्याही चालतील. परंतु मुले ज्या बाजारात उद्या एकटी हिंडणार आहेत, त्या बाजारात एखादा तास तरी शिक्षकाचे बोट धरून हिंडलेली बरी. पोहणे शिकवायचे तर कधी तरी विहिरीशी न्यावेच लागते.

दिवाळीच्या सुटीत घर भरलेले असते. करंज्यांचे डबे उघडलेले असतात, आजी-आजोबा, मामा-मावश्या सारे जमलेले असतात आणि सर्वांचे फोनही शुभेच्छांनी दुथडी भरून वाहत असतात. अशा वेळी घरातल्या मुलांवर एक काम सोपवून पाहा. कुटुंबाच्या गटावर गेल्या महिन्यात आलेल्या मजकुरांतून त्यांनी पाचच निवडावेत, आणि प्रत्येकाखाली त्या तीन ओळी लिहाव्यात. हळदीच्या गुणांपासून गडकिल्ल्यांच्या इतिहासापर्यंत काय काय निघेल ते निघू द्या. अट एकच, आणि ती मोठ्यांसाठी आहे: कुणी रागावायचे नाही.

नात तुमच्या शेजारी येऊन बसेल आणि विचारील, "आजोबा, हे तुम्ही कुठून घेतलेत?" तिचा तो प्रश्न उद्धटपणाचा समजू नका. चष्मा लावा, तिला जवळ घ्या आणि दोघे मिळून शोधा. मजकूर खरा निघाला तर खाली तारीख लिहून ठेवा. खोटा निघाला, तर ज्या ज्या मंडळींना तो धाडला असेल त्यांना तसे कळवा. आणि मग तुम्ही स्वतः डोळ्यांनी पाहिलेली एखादी गोष्ट तिला सांगा. ती कुठल्याच फोनवर मिळायची नाही.